मेबलची मॉरिस आणि माझी पासष्ट तंतूंची तार

कॉव्हेन्ट्री,
रविवार, ८ ऑक्टोबर १९८९

प्रिय मेबल,
आणि गुरुवारच्या चहाला तुझ्याकडे जमणाऱ्या आयव्ही आणि नोरा (माझी पत्रं तू त्यांना मोठ्याने वाचून दाखवतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून तिघींनाच लिहितो),

बेडवर्थच्या भगिनींनो! तुम्ही तिघींनी कारखान्यात मोटारीच्या तारांच्या जुड्या बांधण्यात मिळून नव्वदहून अधिक वर्षं घातलीत. खिळे ठोकलेल्या फळीसमोर उभ्या राहून, एकेक तार मापाने खिळ्यांभोवती वळवत, बोटं फुटेपर्यंत. आणि एवढ्या वर्षांत या शहरातल्या प्रत्येक पुरुषाने तुम्हाला वीज म्हणजे काय ते समजावून सांगितलं, पण तारेबद्दल एक प्रश्न तुम्हाला विचारला नाही. ही तुमची तक्रार आहे, ती न्याय्य आहे, आणि तिच्याकडे मी या पत्रात येणारच आहे. पण आधी तब्येती.

मेबल, तुझं कंबरेचं दुखणं आता कसं आहे? जिना चढताना काठी लागते का? डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली हे ऐकून डोरीनला आणि मला फार आनंद झाला. (डोरीनला जास्त. मला आनंदाबरोबर थोडा घामही फुटला. कारण पुढे कळेल.) नोराच्या सुनेचं बाळंतपण नीट झालं असेल. आयव्हीचा खोकला गेला असेल, आणि नसेल तर तिने सिगारेट सोडावी, हे मी १९५१ पासून सांगतो आहे. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा पावसाआधी दुखतो, म्हणजे इथे रोज दुखतो.

आता गाडीबद्दल. २८ तारखेच्या शनिवारी ईव्हशमला तुमच्या खात्यातल्या सगळ्या बायकांचा मेळावा आहे आणि तिथे तू स्वतःची मॉरिस स्वतः चालवत, आयव्ही-नोराला मागे बसवून जाणार आहेस, हे मी एक क्षणही विसरलेलो नाही. १९५८ साली आपल्या गल्लीत स्वतःच्या पगारातून गाडी घेणारी तू पहिली बाई. बाबा चार दिवस तुझ्याशी बोलले नव्हते आणि पाचव्या दिवशी पुढच्या सीटवर जाऊन बसले होते. त्या गाडीतून तू मेळाव्याला गेली नाहीस तर तू बसने किंवा कुणाच्या जावयाच्या गाडीतून जाणार नाहीस, घरीच बसशील, हेही मला ठाऊक आहे, कारण तू बाबांचीच मुलगी आहेस. तेव्हा काळजी करू नकोस. गाडीचं काम चालू आहे. काम अतिशय चालू आहे.

तुला आठवत असेल, ऑगस्टमध्ये तू फोन केला होतास. तुझे शब्द मला तोंडपाठ आहेत, कारण डोरीन ते मला रोज ऐकवते. तू म्हणालीस, “सिरिल, पुढचा डावा दिवा मिणमिणतोय. परत येताना अंधार पडेल. तेवढा बघ. तेवढाच बघ, ऐकलंस?” मी ऐकलं. गाडी तू माझ्याकडेच ठेवली होतीस; मी गॅरेजमध्ये गेलो आणि तेवढाच बघितला. पण मेबल, अन्याय असा एकटा-दुकटा कधी असतो का? मी दिव्यामागची तार ओढली तर तिच्यावरचं सुती वेष्टण भुकटी होऊन हातात आलं. तिच्या शेजारची तार तशीच. तिच्यामागची तशीच. एकतीस वर्षं झिजलेल्या, दबलेल्या, अंधारात जखडून ठेवलेल्या तारांची ती अख्खी वस्ती माझ्याकडे बघत होती. एक बल्ब बदलून मी तिथून निघून जायचं? मी, ज्याने आयुष्यभर तात्पुरत्या मलमपट्टीविरुद्ध भाषणं दिली? मी गॅरेजच्या दारात उभा राहून डोरीनला म्हणालो की आता मुळापासून बदल झाल्याशिवाय गत्यंतर नाही. ती कपडे वाळत घालत होती. म्हणाली, “सिरिल, गाडीला क्रांती नकोय. दिवा हवाय.”

मी संध्याकाळपर्यंत सगळी जुनी जुडी कापून बाहेर काढली. (इथे आयव्हीने कपाळाला हात लावला असेल. आयव्ही, पुढे ऐक, अजून कारण आहे.) जुनी जुडी जपून ठेवावी, तिच्या मापाने नवी बांधावी, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण सुचलं नाही. जुनी राजवट संपली की तिचे अवशेष कुणी गोंजारत बसत नाही. मी तिचे हात-हातभर तुकडे केले आणि नगरपालिकेकडून भाड्याने घेतलेल्या माझ्या भाजीच्या वाफ्यावर नेऊन घेवड्याचे वेल बांबूंना बांधले. सुतळीपेक्षा फार टिकाऊ. यंदा घेवडा उत्तम आला आहे, सोबत एक पिशवी पाठवणार होतो पण पोस्टात घेत नाहीत.

मग प्रश्न आला नव्या तारेचा. तू ज्यावर आयुष्य काढलंस त्या प्रश्नावर मी एक रात्र विचार केला आणि सकाळी चहा पिताना निर्णय घेतला. माझं म्हणणं असं होतं: गाडीत कुठे जाड तार, कुठे मध्यम, कुठे दोऱ्यासारखी बारीक. हे कुणी ठरवलं? कुठल्यातरी मालकाच्या हिशेबनिसाने, तांबं वाचवायला. बॅटरीजवळची तार चव्वेचाळीस तंतूंची, म्हणजे आत तांब्याचे चव्वेचाळीस बारीक धागे, ऐटीत, आणि मागच्या नंबरपाटीवरच्या गरीब दिव्याला नऊ तंतूंची! ही वर्गव्यवस्था नाही तर काय? माझ्या गॅरेजमध्ये असं चालणार नाही, मी डोरीनला सांगितलं. सगळ्या तारा एकाच जाडीच्या आणि त्याही सर्वांत जाड. मी जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो आणि एका चपट्या टोपीवाल्याकडून पासष्ट तंतूंच्या तारेचं एक अख्खं रीळ घेतलं. तो म्हणाला, “साहेब, कशासाठी हवीय?” मी म्हणालो, “समतेसाठी.” त्याने रीळ दिलं आणि घाईघाईने पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

भगिनींनो, समता कागदावर फार सडपातळ दिसते. प्रत्यक्षात माझी जुडी माझ्या मांडीएवढी झाली. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला जे भोक आहे, ज्यातून तुमची जुडी सापासारखी सरकत जायची, त्यात तिचं नाकसुद्धा जाईना. मी भोक मोठं केलं. तरी जाईना. मग मी रविवारच्या रोस्टची साठवलेली चरबी जुडीला चोपडली आणि पाय भिंतीला लावून ढकललं, तेव्हा ती आत गेली. डोरीनला चरबीचं भांडं रिकामं मिळालं आणि त्या आठवड्यात आम्हाला तळलेली पावरोटी मिळाली नाही. शिवाय शेजारच्यांचा टेरियर कुत्रा तेव्हापासून दिवसभर तुझ्या गाडीच्या नाकासमोर बसून असतो, एखाद्या भाविकासारखा.

खरी गंमत पुढे. प्रत्येक तारेच्या टोकाला ती छोटी पितळी टोपी बसवावी लागते ना, जी जोडणीच्या नळीत खट्कन शिरते? त्या टोपीत अठ्ठावीस तंतू मावतात. माझ्याकडे पासष्ट. मी काय केलं असेल? (नोरा, हसू नकोस.) मी सदतीस तंतू छाटले. प्रत्येक तारेच्या प्रत्येक टोकाला. म्हणजे रस्ताभर रुबाबात चालणारी तार दारापाशी आली की अठ्ठावीस जण आत आणि सदतीस जण बाहेर. ज्या गोष्टीविरुद्ध मी चाळीस वर्षं घसा फोडला, ती मी माझ्या हाताने, पक्कड घेऊन, एकशेवीस वेळा केली, आणि मला ती दिसली नाही. वीज काय, तिला त्या अरुंद दारातूनच जायचं. मधला रस्ता कितीही रुंद करा.

वळताना बाहेर येणारे ते दोन छोटे पिवळे हात आठवतात ना, दाराच्या खांबातून उचलले जाणारे? त्यांच्या बिजागरीपाशी दोऱ्यासारखी मऊ तार लागते, कारण तो हात उठताना तिला वाकावं लागतं. मी तिथेही पासष्ट तंतूंची तार घातली, कारण वाकणाऱ्यालाच नेहमी बारीक तार का, असं मला वाटलं. परिणाम असा की हात अर्धा उठतो आणि थांबतो. सभेत प्रश्न विचारावा की नको या विचारात पडलेल्या माणसासारखा.

अशा अवस्थेत मी गेल्या मंगळवारी गाडी वार्षिक तपासणीला नेली. तपासनीस पार्जिटर, तो लांब मिशांचा, तुझ्या ओळखीचा. त्याने झाकण उघडलं, जुडी पाहिली, वास घेतला. म्हणाला, “सिरिल, ही गाडी चालवायचीय की जहाज नांगरायचंय?” मी त्याला तारांच्या समतेबद्दल सांगायला सुरुवात केली. तो घड्याळ बघून म्हणाला, “किती वेळ लागेल? मला साडेबाराला जेवायचंय.” मग त्याने पुढचे दिवे लावायला सांगितले. मेबल, पासष्ट तंतू! नवे बल्ब! आणि उजेड पडला तो संत्र्याच्या सालीसारखा. डावीकडे वळायची खूण दिली तर पिवळा हात अर्धा उठला आणि पुढचे दोन्ही दिवे झोप आल्यासारखे मिटले.

पार्जिटरने एक जुनी तार घेतली, मध्यम जाडीची, एक टोक दिव्याच्या वाटीला टेकवलं आणि दुसरं बॅटरीच्या त्या टोकाला, जे गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं. दिवा असा भडकला की टेरियर उठून पळाला. (हो, तो मागे मागे आला होता.)

“जायचा रस्ता तू हमरस्ता केलास,” पार्जिटर म्हणाला. “परत यायचा कुठाय?”

कारण वीज बॅटरीतून निघते तेवढीच तिला गाडीच्या पत्र्यातून परत यावं लागतं, आणि मी प्रेमाने, दोन हात देऊन, दिव्याच्या वाट्या आणि त्यांच्या खालचा पत्रा हिरव्या रंगाने रंगवला होता. रंगातून वीज जात नाही. बिचारी घरी यायला निघायची आणि दार बंद.

मी म्हणालो, “तुला हे कुणी शिकवलं?”

“तुझ्या बहिणीने,” तो म्हणाला. “पंचाहत्तरमध्ये सहा महिने तिच्या फळीशेजारी तपासणीला होतो. मला काही येत नव्हतं. ती म्हणायची, तारेला विचार किती वाहायचंय, किती लांब जायचंय आणि घरी कशी येणार. एवढं विचारलंस की जाडी ती स्वतःच सांगते.” मग मिशी पुसत म्हणाला, “पगार मात्र मला तिच्यापेक्षा जास्त होता. तुमच्या युनियनचीच श्रेणी ती.”

त्याने मला नापासाचा कागद दिला. १९ तारखेला पुन्हा आण म्हणाला. मी घरी आलो आणि थेट भाजीच्या वाफ्यावर गेलो.

आता जे सांगतो ते डोरीनलाही नीटसं सांगितलेलं नाही. मी घेवड्याच्या वेलींत स्टूल टाकून बसलो आणि बांबूंना बांधलेले तुझ्या जुन्या जुडीचे तुकडे एकेक सोडून, टोकाचं वेष्टण सोलून, भिंगाखाली तंतू मोजायला लागलो. (शेजारच्या वाफ्यातल्या म्हाताऱ्याने विचारलं, “कीड लागलीय का?” मी म्हटलं, “हो, मला.”) एका तुकड्यात नऊ. एकात चौदा. एकात अठ्ठावीस. चव्वेचाळीस. पुन्हा चौदा. नंबरपाटीच्या दिव्याला नऊ, कारण तो अर्धा अँपियरही घेत नाही आणि त्याला त्याहून जास्त देणं म्हणजे नुसता भार. दोन्ही मोठ्या दिव्यांचे सात अँपियर एकत्र जातात तिथे चौदा तंतू चालले असते, पण तिथे होते अठ्ठावीस, कारण रस्ता लांब आहे आणि तार लांबीने थकते. बॅटरीपासून आत येणाऱ्या तारेला चव्वेचाळीस, कारण सगळ्या घराचं ओझं तिच्या एकटीच्या डोक्यावर. कुणी कंजुषी केली नव्हती. कुणी उधळपट्टीही केली नव्हती. प्रत्येक तारेला कुणीतरी आधी विचारलं होतं.

माझा सिद्धांत त्या स्टुलावर मेला, मेबल. मला त्याचं दुःख झालं नाही, हे मला नवल वाटलं.

पण त्याबरोबर दुसरंही काहीतरी वर आलं. १९७४ चा मार्च. कॅन्टीनमधली युनियनची सभा, मी तेव्हा युनियनचा प्रतिनिधी. कामांच्या श्रेणी ठरवायच्या होत्या. मी पन्नास मिनिटं समतेवर बोललो, टाळ्या पडल्या, कुणीतरी टेबल वाजवलं. मग तू उभी राहिलीस आणि एकच वाक्य बोललीस: “आमचं काम कुशल आहे, ते तसं लिहा.” आणि मी, तुझा धाकटा भाऊ, शंभर जणांसमोर म्हणालो, “मेबल, खिळ्यांभोवती तार गुंडाळणं म्हणजे काही कौशल्य नाही, पण पुढच्या वर्षी नक्की बघू.” लोक हसले. मी मालकांच्या कागदावर सही केली. एक मिनिट लागलं. बायकांच्या फळ्या खालच्या श्रेणीत गेल्या आणि पुढचं वर्ष कधी आलंच नाही. तू भांडली नाहीस. फक्त तेव्हापासून नाताळच्या कार्डावर तू नुसतं ‘मेबल’ लिहितेस, बाकी सगळं छापील.

पासष्ट तंतूंची तार आणि टोकाशी छाटलेली. तो मीच होतो.

हे वाचून तू दुःखी होऊ नकोस, कारण मी दुःखी नाही. मला कैक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं. मी दिव्यांच्या वाट्यांखालचा रंग खरवडून पत्रा आरशासारखा चमकवला आहे. पुढच्या दोन्ही दिव्यांना परतीची स्वतंत्र तार द्यायची ठरवलं आहे, अठ्ठावीसचीच, कारण जाणाऱ्याला जो मान तोच येणाऱ्याला. (समतेचं एवढं एक मी सोडणार नाही, आणि पार्जिटर म्हणतो हे बरोबर आहे.) नवी तार आणली आहे, नऊ, चौदा, अठ्ठावीस आणि चव्वेचाळीस, जुन्याच रंगांत. ती डोरीनच्या शिवणकामाच्या कपाटात रांगेने ठेवली आहे आणि इतकी सुंदर दिसते की मी दिवसातून दोनदा दार उघडून बघतो. डोरीन म्हणते, तू आपल्या लग्नातही माझ्याकडे असं बघितलं नव्हतंस. टेरियरही आता कमी येतो. सगळं ठीक होणार आहे.

डोरीनचा नमस्कार. तुझ्या कंबरेला जप.

तुझा भाऊ,
सिरिल

ता.क. डोरीनने पत्र वाचलं. ती म्हणते, ‘काम अतिशय चालू आहे’ हे खोडून खरं लिही. खरं असं की मी जाड जुडी उपसून काढली आहे आणि तुझ्या गाडीत या क्षणी एकही तार नाही. हॉर्नसुद्धा वाजत नाही. तू डाव्या दिव्याबद्दल फोन केला होतास, त्या दिव्याच्या जागी सध्या भोक आहे.

ता.क. दुसरा. आयव्ही, मेळाव्याचा कार्यक्रम तू ठरवतेस. मला चहाआधी एक मिनिट दे. भाषण करणार नाही, डोरीन घड्याळ घेऊन शेजारी उभी राहील. १९७४ साली मी जे म्हणालो ते ज्यांच्यासमोर म्हणालो, त्यांच्यातल्या जेवढ्या येतील तेवढ्यांसमोर, ते चूक होतं एवढंच सांगायचं आहे. त्या श्रेणीचा पगार मी परत आणू शकत नाही. पण ते काम कुशल होतं, हे ज्याने नाही म्हटलं त्याच्याच तोंडून तुम्हाला ऐकायला मिळायला हवं.

ता.क. तिसरा, आणि हे पत्र खरं तर यासाठीच. मेबल, माझ्याकडे योग्य तार आहे, पण दोन-तीन ठळक जागा सोडल्या तर कुठली कुठे आणि किती लांब ते मला कळत नाही. घेवड्यावरचे एकसष्ट तुकडे मोजून झाले, पण मी ते कापताना क्रम ठेवला नाही आणि उन्हाने त्यांचे रंग उडाले आहेत. गाडीच्या पुस्तकात तारांचे रंग आहेत, जाडी नाही. मी जेवणाच्या टेबलावर एक जुनं दार आडवं टाकून त्यावर तुमच्या फळीसारखे खिळे ठोकायला घेतले होते, नऊ ठोकल्यावर थांबलो. मला एकदम कळलं की मी पुन्हा न विचारता ठोकतो आहे. ते नऊही उपटले. दार कोरं आहे. तू येऊन खुर्चीवर बस, चहा पी, आणि सांग, मी ठोकेन. पुढच्या शनिवारी, १४ तारखेला, बेडवर्थहून सव्वादहाची बस आहे, आणि थांब्यावर मी उभा असेन. सोबत तिकीट लावलेलं पोस्टकार्ड आहे, त्यावर माझा पत्ता आधीच लिहिला आहे. नोरा, मेबलच्या घरासमोरच टपालपेटी आहे, तेव्हा हे तुझं काम: मेबलच्या हातात पेन दे, तिच्याकडून त्या कार्डावर ‘येते’ एवढा एक शब्द लिहून घे, आणि चहाचे कप विसळायच्या आधी ते पेटीत टाक.